ओल्या लाकडाचे हाडवैरी

खोली बघायला गेले तेव्हा पलंगाखाली लाकडं होती. थोडीथोडकी नाहीत. फरशीपासून फळीपर्यंत, विटा रचाव्यात तशी रचलेली, आणि प्रत्येक रांगेतल्या पुढच्या लाकडावर खडूने तारीख घातलेली.

"ही काढणार ना?" मी विचारलं.

घरमालकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या वडिलांना बाहेर काढायला सांगत होते.

"ती आपल्या आधीपासून राहतात," ते म्हणाले. "त्यांची आपल्याबद्दल काही तक्रार नाही. आपली असेल तर दुसरी खोली बघा."

बिबवेवाडीत मला परवडेल अशी दुसरी खोली नव्हती, म्हणून मी राहिले. किल्ली देताना त्यांनी बजावलं, "खिडकी दिवसभर उघडी ठेवत जा. आपल्यासाठी नाही, त्यांच्यासाठी."

आता यातली गंमत सांगते. मी तेव्हा शहराच्या हवेसाठी भांडणाऱ्या एका गटात होते. गट म्हणजे आम्ही सहा जण, एक ओळखीचा झेरॉक्सवाला आणि एक कर्णा. पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे होतं. 'नागरिकांनो, तुमच्या मुलांच्या फुप्फुसांत कोण धूर भरतंय?' ही सुरुवात माझी. उद्गारचिन्ह दिल्याशिवाय माझं वाक्य संपत नसे. आणि हीच मी रात्री सरपणावर झोपत होते! गटातल्या कुणालाही मी सहा महिने घरी येऊ दिलं नाही.

घरमालक – मी त्यांना काका म्हणायचे – एका कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण दोन्ही मनगटांवर भाजल्याचे जुने डाग होते आणि घरातलं कुठलंही दार ते भट्टीचं असल्यासारखं, आधी बोटभर उघडून मगच पूर्ण उघडायचे. पहाटे उठायचं, बुद्धवंदना म्हणायची आणि अंगणात तांब्याचा बंब पेटवायचा, हा त्यांचा नेम. घरात गॅस होता, न्हाणीघरात गीझर होता. काकू गीझर वापरायच्या, तोही उघडपणे. "ह्यांचं पाणी तापेपर्यंत माझी अंघोळ, चहा आणि पेपर होतो," असं त्या मला काकांच्या देखतच सांगायच्या.

पहिल्या सकाळी मी मोबाइल घेऊन जिन्यावरून धावत खाली आले. रंगेहाथ पकडायचं होतं.

"आपण काय शोधताय?" काका बंबापाशी पाटावर बसले होते.

"धूर."

"शोधा."

मी बंबाच्या नळीवर पाहिलं. नळीच्या तोंडाशी हवा तेवढी थरथरत होती, पलीकडची भिंत पाण्यातून दिसावी तशी हलत होती. धूर नव्हता. मी बंबाभोवती एक चक्कर मारली. मागूनही नव्हता.

"पेटवताना अर्धा मिनिट येतो," काकांनी कबुली दिली. "तेवढा गुन्हा मान्य आहे. लिहून घ्या."

मला राग आला. ज्याच्याविरुद्ध पत्रक काढायचं तोच माणूस पुरावा देत नाही म्हणजे काय!

हळूहळू कळलं की काकांचंही एक आंदोलन होतं, एका माणसाचं. शत्रू धूर नव्हता, ओलं लाकूड होतं. लाकूड हातात आलं की ते दुसऱ्यावर आपटून ऐकायचे. टण्ण वाजलं तर कपाळावरच्या आठ्या जायच्या. धप्प वाजलं तर ते लाकूड अंगणाच्या कोपऱ्यात, उन्हात, शिक्षा झाल्यासारखं उभं. मग टोकाला चिरा पडल्यात का ते बघायचं, साल नखाने सुटते का ते बघायचं. एवढ्यावर समाधान नाही. दर रविवारी काकूंच्या स्वयंपाकघरातला काटा अंगणात यायचा आणि ठरावीक लाकडांचं वजन व्हायचं. वजन खडूने त्याच लाकडावर लिहायचं. ओळीने तीन रविवार आकडा हलला नाही तर ते लाकूड 'तयार'. काकूंच्या रव्यात बाभळीची साल निघायची, ती याच काट्यामुळे.

"ताज्या लाकडात निम्मं पाणीच असतं," ते म्हणायचे. "चुलीत घातलंत की आधी ते पाणी उकळतं, मग आपलं. पहिल्या पाण्याचा चहा कोण पितं?"

हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की मी झोपेत म्हटलं असतं. एकदा त्यांच्या पुतण्याच्या लग्नात ते जेवणाच्या पंगतीतून उठून गायब झाले. सापडले मांडवाच्या मागे, आचाऱ्याच्या भट्टीपाशी. पेटत्या भट्टीतून लाकडं ओढून काढून एकेक आपटून बघत होते. आचारी झारा उगारून ओरडत होता, "अहो, भात अर्धा शिजलाय!" काका शांतपणे म्हणाले, "अर्धाच शिजणार. तुम्ही उसाच्या रसावर भट्टी पेटवली आहे." त्या लग्नाच्या आल्बममध्ये काकांचा एकच फोटो आहे. हातात ओंडका, मागे झारा.

रागावले की ते मला 'आपण' म्हणायचे, खूश असले की 'अगं'. पहिले चार महिने मी 'आपण'च होते. आमचं नवं पत्रक मी मुद्दाम त्यांच्या दाराच्या फटीतून आत सरकवलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीत परत आलं. तांबड्या शाईने तपासलेलं! उद्गारचिन्हं सगळी खोडलेली. खाली शेरा : 'यात लाकूड आहे, धूर आहे, फुप्फुस आहे. पाणी कुठे आहे?'

मी तणतणत खाली गेले. "काका, लाकूड जाळणं वाईटच. ओलं काय आणि सुकं काय!"

"सुक्याचा धूर कमी वाईट, ओल्याचा जास्त वाईट. आपल्या पत्रकात कमी आणि जास्त हे शब्द नाहीत का?"

"पत्रकात असे शब्द चालत नाहीत."

"मग ते पत्रक कुणी चूल पेटवणारं वाचत असेल असं मला वाटत नाही," असं म्हणून त्यांनी दार लावलं. आधी बोटभर फट ठेवून, मग पूर्ण.

कारखान्यातला त्यांचा एक किस्सा काकूंनी सांगितला. पावसाळ्यात कंत्राटदाराने ओल्या लाकडांचा ट्रक आणला. साहेब म्हणाले, घाला. काकांनी घातली. वाफ चढेना, रंगाची टाकी थंड पडली, धुराडं काळं ओकायला लागलं आणि शेजारच्या वस्तीतल्या बायका वाळत घातलेले कपडे घेऊन फाटकावर आल्या. त्यांतला एक परकर साहेबांच्या टेबलावर ठेवला गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच ट्रक आला तेव्हा काका त्या ढिगावर जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. "साहेब स्वतः आले उठवायला," काकू म्हणाल्या, "तर हे म्हणाले, 'आपण बसून बघा, पँट ओली होते की नाही.'"

"साहेब बसले?"

"बसतात कशाला? ट्रकच परत पाठवला."

हे सगळं ऐकून मी हसायचे आणि पुन्हा कर्णा घेऊन बाहेर पडायचे. माझं मत काही बदललं नव्हतं. ते बदललं हिंजवडीत, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

त्या वर्षी पाऊस संपता संपता आम्ही धुराची ठिकाणं हुडकून तक्रारी करायचा सपाटा लावला होता. हिंजवडीत कंपन्यांच्या बसेस जिथे वळतात तिथल्या एका गल्लीत, पत्र्याच्या शेडमधून पांढरा, जाड धूर निघताना मला दिसला. समोरच्या सोसायटीच्या गॅलऱ्या त्यात बुडाल्या होत्या. मी फोटो काढला, तक्रार केली, खाली स्वतःचं नाव घातलं. आठवड्याभरात उत्तर आलं : येत्या सोमवारी पाहणी, दोष आढळल्यास चूल जप्त. मी ते उत्तर गटात सगळ्यांना पाठवलं. शाबासक्या मिळाल्या.

मग जनजागृती म्हणून मी पत्रकं घेऊन त्या शेडमध्ये गेले. आत यवतमाळकडच्या एक ताई होत्या, चाळिशीच्या. चुलीवर मडकं पालथं घातलेलं आणि त्याच्यावर त्या लांब पोळ्या करत होत्या. सैल कणीक दोन्ही हातांवर झुलवत झुलवत हातभर लांब करायची आणि अलगद मडक्यावर टाकायची. रुमालासारखी पातळ पोळी. समोर बाकड्यांवर गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेली नागपूर-अमरावतीकडची मुलं-मुली, डोळे पुसत जेवत होती. धुरानेही आणि बहुतेक घराच्या आठवणीनेही.

"बस वो माय," ताई मला म्हणाल्या. "कागद मंग वाचू. आधी जेव."

मी बसले. पोळी, वरण, वांग्याची भाजी. तिसऱ्या घासाला ताई म्हणाल्या, "सोमवारी चूल नेनार हायेत मनते. गॅसवर हे मडकं तापत नाई ना वो. जाळ सगळीकडून लागा लागते. चूल गेली त मले गावीच जा लागन." मग पोळी परतून म्हणाल्या, "कोनं तक्रार केली, त्याचं एकडाव तोंड पाह्याचं हाय मले."

ते तोंड त्यांच्यासमोर पोळीने भरलेलं होतं. मी घास गिळला आणि पाणी मागितलं. सांगितलं नाही. पत्रकंही दिली नाहीत.

घरी येऊन काकांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते 'आपण'ने सुरुवात करून मला सोलून काढतील. त्यांनी एकच विचारलं, "धूर कसा होता? पांढरा आणि जाड?"

"हो. डोळ्यांत जाणारा."

"मग ती बाई लाकूड जाळत नाही. पाणी जाळतेय." ते चपला शोधायला लागले. "अगं, बघत काय बसलीस? बस कुठून सुटते तिकडची?"

आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांनी 'अगं' म्हटलं, आणि तेही अशा वेळी.

दोन बस बदलून आम्ही हिंजवडीला पोचलो. काकांनी ताईंना नमस्कार केला, नाव नाही, गाव नाही, थेट विचारलं, "सरपण कुठे ठेवता?"

शेडच्या मागे ढीग होता. पावसाने भिजू नये म्हणून ताईंनी तो ताडपत्रीत चारी बाजूंनी गुंडाळला होता, वर दोरी आवळली होती, खाली विटांनी कडा दाबल्या होत्या. बाळंतिणीला गुंडाळतात तसं. काकांनी दोरी सोडली. आतून ऊबट, कुबट वास आला. मधल्या लाकडांवर पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या.

"भाजी वेगळी विकत आणायला नको," काका म्हणाले.

"काऊन जी?" ताई तडकल्या. "एवढी झाकून ठेवली, पान्याचा थेंब जाऊ देल्ला नाई!"

"जाऊ दिला नाही, बरोबर. आतला बाहेरही जाऊ दिला नाहीत. टेंपोवाला वजनावर देतो ना? ताजी तोडलेली. त्याने पाणी विकलं आणि तुम्ही ते जपून ठेवलंत." त्यांनी दोन लाकडं एकमेकांवर आपटली. धप्प. "वरून झाका, बाजूंनी मोकळं सोडा. खाली विटा ठेवा, ढीग जमिनीला टेकू देऊ नका. आणि हे ओंडके फोडा. सालीतून पाणी निघत नाही, फोडीतून निघतं."

"तुमी काय लाकडाचे डॉक्टर हाय का जी?"

"बॉयलरवर होतो."

"मंग पोळी टाकता येते का?"

"नाही."

"मंग त्यातलं मी सांगन," ताई म्हणाल्या, "अन् लाकडातलं तुमी सांगा. किती दिवसांत सुकन हे?"

काका पहिल्यांदाच अडखळले. "फोडून ठेवलंत तर... येत्या उन्हाळ्याच्या शेवटी."

सोमवार चार दिवसांवर होता. चुलीतलं एक लाकूड टोकाला फेस काढत चुरचुरत होतं.

परतताना काका स्वारगेटला उतरल्यावर म्हणाले, "गच्चीवरची बाभूळ तू पाहिली आहेस?"

पाहिली होती. पत्र्याखाली, विटांवर, बाजूंनी मोकळी, दोन उन्हाळे खाल्लेली रास. तिला कुणी हात लावलेला काकांना खपत नसे. ती 'तयार' होऊनही कितीतरी रविवार झाले होते, तरी ते बंबात घालत नव्हते. का, विचारलं तर म्हणायचे, "अजून थोडं." काकूंच्या मते त्यांना ती जाळायचीच नव्हती. कारखान्याने पुढे लाकडाचा बॉयलर काढून टाकला होता आणि चांगलं सरपण रचणारा हात तेवढा काकांकडे उरला होता.

शनिवारी सकाळी फाटकात टेंपो उभा होता. काका गच्चीवरून लाकडं खाली आणत होते, पाटीने नाही, हाताने, एका वेळी चार. प्रत्येक खेपेला टेंपोत ठेवण्याआधी दोन आपटायचे. टण्ण. सगळी गल्ली ऐकत होती.

"एवढ्या वर्षांत माझी पिशवी कधी उचलली नाही," काकू दारातून म्हणाल्या. "लाकडं बघ कशी कडेवर घेतलीत."

"पिशवी ओली असायची तुमची, भाजीने," काका म्हणाले आणि पुन्हा जिना चढले. त्या दिवशी ते गच्चीवर रिकाम्या विटांपाशी बराच वेळ उभे होते. मी चहा नेऊन दिला.

रास संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न होताच. त्यावर काका हिंजवडीजवळच्या एका फर्निचरच्या कारखान्यात जाऊन भांडून आले आणि रंग-पॉलिश न लागलेले कोरडे तुकडे ताईंना द्यायचं कबूल करून घेतलं. रविवारी आम्ही तिघांनी मिळून ताईंचा ढीग उघडला, फोडला, विटांवर रचला. माझ्या तळहातांना फोड आले. काकांनी ते पाहिले आणि म्हणाले, "पत्रक लिहून येत नाहीत ना असे?"

सोमवारी अधिकारी स्कूटरवरून आले. तोंडाला मास्क, हातात फाइल. शेडसमोर उभे राहून त्यांनी वर पाहिलं. ताईंच्या शेडवर काकांनी पत्र्याचं धुराडं बसवलं होतं आणि त्याच्या तोंडाशी हवा नुसती थरथरत होती.

"चूल विझवून ठेवलीत होय? आम्हाला काय कळत नाही?"

"आत या नं साहेब," ताई म्हणाल्या.

ते आत आले. जाळ मडक्याला चारी बाजूंनी कवटाळून पिवळाधमक जळत होता. ताईंनी कणीक झुलवली, झुलवली आणि मडक्यावर टाकली. अधिकाऱ्यांनी मास्क खाली केला, हुंगून पाहिलं, डोळे चोळून पाहिले. डोळ्यांत पाणी आलं नाही. समोरच्या सोसायटीची एक गॅलरी उघडी होती आणि एक आजी तिथे चादर वाळत घालत होत्या.

"पुढच्या महिन्यात काय जाळणार?"

काकांनी त्यांना मागे नेलं. नवा ढीग दाखवला, कारखान्याचे तुकडे दाखवले, दोन लाकडं आपटायला दिली. अधिकाऱ्यांनी आपटली. त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी पुन्हा आपटली.

मी मध्येच बोलले. माझा स्वभावच तसा आहे. "साहेब, याचा अर्थ हवा स्वच्छ झाली असा नाही. न दिसणारा धूर असतोच. कमी झालाय एवढंच."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "कमी," ते म्हणाले. "शब्द सापडला वाटतं."

अधिकाऱ्यांनी लिहिलं : पाहणीवेळी दृश्य धूर नाही. सरपण सुकं ठेवणे, धुराडं साफ ठेवणे, तीन महिन्यांनी पुन्हा पाहणी. मग फाइल चाळत म्हणाले, "तक्रारदाराची सही लागेल. आहेत का इथे कोणी?"

त्यांनी नाव वाचलं. माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. ते ऐकताच काकांनी वर छताकडे पाहायला सुरुवात केली.

"मी," मी म्हटलं आणि सही केली.

ताईंचे हात कणकेत थांबले. त्यांनी माझं तोंड पाहिलं. जेवणारी मुलंही थांबली.

"आठ दिवस झोप नाई लागली मले," ताई म्हणाल्या.

"माहीत आहे. चुकलं माझं. आधी तुमच्याकडे येऊन बोलायला हवं होतं, मग लिहायला."

"हाव." त्यांनी पोळी उलटली. मग पायानेच पाट माझ्याकडे सरकवला. "बस चुलीपाशी. आजच्या साऱ्या पंगती उठेपर्यंत जाळ तूच सांभाळ. पाहू दे मले, पत्रकवालीले काय येते."

मी बसले. अधिकारी दोन पोळ्या बांधून घेऊन बाहेर पडले. मला काहीतरी सिद्ध करायचं होतं. जाळ जरा उतरल्यासारखा वाटला म्हणून मी बाभळीच्या फोडी उचलल्या, चांगल्या सहा-सात, आणि एकदम आत कोंबल्या. चुलीचं तोंड बुजलं. जाळ गपकन बसला, आणि वाट मिळेल तिथून धूर सुटला. शेडमधून, धुराड्यातून, माझ्या नाकातून. समोरच्या आजींनी चादर ओढून घेतली.

"अगं, वारा! वाऱ्याला जागा ठेव!" काका खोकत ओरडले.

बाहेर स्कूटर सुरू होता होता बंद पडली. अधिकारी फाइल उघडत मागे वळले.

"अहो! आता हा धूर कुणाचा?"

ताई आणि काका दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे बोट दाखवलं.

"तक्रारदाराचा!"